खड्ड्यातले पाय

वडगावच्या घरात बाबा मागावर बसायचे
तेव्हा मला ते अर्धेच दिसायचे.
कमरेखाली खड्डा, खड्ड्यात पावड्या,
पावड्यांवर पाय. वर चेहरा
बँकेच्या रांगेत उभ्या माणसासारखा.

चौतिसाव्या वर्षी, लिमरिकच्या इस्पितळात,
रात्रपाळीला नूला क्विर्क भेटली.
वय एक्क्याऐंशी, खुब्याचं हाड मोडलेलं.
पांघरुणाखाली तिचा धड पाय सारखा हलायचा.
मी विचारलं, दुखतंय का?
म्हणाली, नाही गं, शिकवतेय.

घरी सोडल्यावर तिनं मला स्वयंपाकघरात उभं केलं.
हात खाली. खांदे खाली. नजर खिडकीच्या कडीवर.
दोन्ही मुठींत एकेक नाणं,
पडलं की ते तिचं.
पहिल्या हिवाळ्यात तिनं बरीच कमाई केली.

मग सात-सात वर्षांच्या पोरींच्या रांगेत मी,
पोटावर नंबराचा कागद, कानामागे पांढरे केस.
एकदा चौथी आले.
स्पर्धक चारच होत्या.

शिक्षकाच्या परीक्षेत नापास झाले
ते पायांमुळे नव्हे.
त्यांनी एक मुद्दाम चुकणारी मुलगी पुढं केली,
म्हणाले, सुधारा हिला.
मी तीनदा नाचून दाखवलं.
"तुम्हाला येतं, हे तिला कळलं," परीक्षक म्हणाले,
"तिचं कुठं चुकतं, ते अजून कुणालाच नाही."

त्यानंतर दोन वर्षं बसस्टॉपवर, वॉर्डात, जिन्यात
मी स्वतःच्या पायांचं बोलणं ऐकत होते.
टाच उचल. गुडघा आत. जमीन सोड, ढकलू नकोस.
ते मराठीतच बोलायचे.
दुसऱ्या खेपेला पास झाले. नूलाला फोन केला,
ती झोपली होती.

परत आले तेव्हा माग भंगारात गेला होता,
खड्डा तेवढा होता. त्यावर फळ्या ठोकल्या.
फळ्यांवर टाच मारली की खालून
कुणीतरी हुंकार द्यावा तसा आवाज.
पेंटर म्हणाला, कन्नड वर पाहिजे, मराठी खाली,
नाहीतर पाटी ठेवणार नाहीत.
मी त्याला दोन बूट काढायला सांगितले.

खरे बूट अथणीच्या परसप्पानं शिवले.
नमुना उलटापालटा करून म्हणाला,
"चप्पल करकरली तर कौतुक,
बुटानं एवढं कशाला बोलायचं?"
तरी टाचेत त्यानं सात थर घातले.

सहा मुली, एक मुलगा.
अर्धे मोजतात एक दोन तीन,
अर्धे ओंदु एरडु मूरु.
मूरु लांबतो, ते उशिरा उतरतात.
शेवटी सगळ्यांनाच गप्प केलं.
शेजारी बसगौडांचा पॉवरलूम चालतो,
तो कुणाच्याच भाषेत मोजत नाही.

गंगव्वाचे हात मात्र राहीनात.
पाय उडाले की हातही उडायचे,
जत्रेत आईला शोधत असल्यासारखे.
तिच्या मुठींत बाबांच्या जुन्या कांड्या दिल्या.
पडल्या. पुन्हा दिल्या. पडल्या.
मी नाचून दाखवणार, तेवढ्यात
माझं मलाच हसू आलं.

दोन फळ्या काढल्या.
"उतर खाली. नाच.
मला मात्र कळता कामा नये."
कमरेपर्यंत गेली ती खड्ड्यात.
वर नुसता चेहरा, दोन वेण्या, गच्च मुठी.
"नाचायलीस का गं?"
"ओळखा की, टीचर."

मला खरंच दिसेना.
दाराशी खुर्चीत बाबा होते,
माझ्या या धंद्याबद्दल वर्षभर एक शब्द न बोललेले.
डोळे मिटूनच म्हणाले,
"डावी पावडी उशिरा पडायली बघ तिची."

मी वाकले, आणि गंगव्वाला
तेवढंच सांगितलं.